सहाध्यायाचे सुतक

वर्गातील एखादा मुलगा अपघाताने वा आकस्मिक आजाराने एका रात्रीत नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा भरते, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते आणि मुलांना सुट्टी देऊन घरी पाठविण्यात येते. तिसऱ्या दिवशी बीजगणिताचा तास पूर्ववत सुरू होतो. शाळेने आपले कर्तव्य केले, असे सर्वांस वाटते. आमच्या मते कर्तव्याला खरा आरंभ त्यानंतर व्हावयास हवा.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी सहलीत बुडून मरण पावले. अशा प्रसंगी सहलीचे नियम, जीवरक्षक आणि शिक्षकांची जबाबदारी यांची चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु जे सहाध्यायी जिवंत परततात त्यांचे पुढे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

याचे मूळ आपल्या रूढीत आहे. दुःखाची वाटणी आपण नात्यावरून केली. दूरच्या चुलत्याला सुतक आहे. पाच वर्षे एका बाकावर बसून एका डब्यात जेवलेल्या मित्राला ते नाही. नवल असे की, ज्या मनुस्मृतीशी आमचे मुळीच सख्य नाही, तिच्या पाचव्या अध्यायातही सहाध्यायी वारल्यास एक दिवसाचे अशौच सांगितले आहे. एकत्र शिकणे हेही एक नाते आहे, एवढे त्या काळालाही उमगले होते.

किशोरवयातील शोक मोठ्यांच्या शोकासारखा दिसत नाही. सकाळी मैदानावर हसणारा मुलगा रात्री दार लावून बसतो. कोणी चिडखोर होतो, कोणाची झोप उडते, तर कोणाला मित्राशी झालेले शेवटचे भांडण आठवून अपराधी वाटते. वडीलधारी माणसे मात्र यास निगरगट्टपणा समजतात.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजसेवक असला पाहिजे, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण दिले पाहिजे. २०२३ या एका वर्षात देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद पाहता हा आदेश अवाजवी म्हणता येणार नाही. तथापि नेमणुकीने सर्व काही साधेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्या दिवशी मुलांना ओळखीचा चेहरा हवा असतो, आणि तो वर्गशिक्षकाचा असतो.

म्हणून दुःखद वार्ता ध्वनिक्षेपकावरून नव्हे, तर वर्गात, वर्गशिक्षकाच्या तोंडून, सरळ शब्दांत सांगावी. दुसऱ्याच दिवशी सुट्टी देऊ नये. आईबाप कामावर गेलेल्या घरात एकट्या मुलाने काय करावे? चाचणी पुढे ढकलावी, अंत्यदर्शनास जाऊ इच्छिणाऱ्यास जाऊ द्यावे, न जाणाऱ्यास बोल लावू नये. रिकामा बाक घाईने हलवू नये. तो केव्हा हलवावयाचा, हे वर्गाला विचारून ठरवावे. मृत्यू आत्महत्येने झाला असल्यास तिच्या पद्धतीची चर्चा, गौरव आणि निंदा ही तिन्ही कटाक्षाने टाळावीत. जिवलग मित्रांवर कित्येक आठवडे लक्ष ठेवावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मुलांना व पालकांना ठाऊक असावा.

बोलण्याने जखमेवरची खपली निघेल आणि अभ्यास बुडेल, अशी काही पालकांची भीती असते. ती प्रामाणिक आहे, परंतु अस्थानी आहे. मुले गप्प नसतातच. मोबाइलवरील गटांत ती रात्रभर बोलत असतात. त्यांना सत्य शिक्षकाकडून कळावे की अफवेकडून, एवढाच निर्णय मोठ्यांच्या हाती उरतो. शिवाय ज्याची झोप उडाली आहे, त्याचा अभ्यास गप्प बसल्याने होत नाही.

असा प्रसंग सूचना देऊन येत नाही. तो आल्यास वर्गात कोणी बोलावे, घरी कोणी जावे आणि कोणत्या मुलांची विचारपूस कोणी करावी, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने याच सत्रात सहकाऱ्यांसह बसून लिहून ठेवावे. त्यास ना अनुदान लागते, ना शासनाचे परिपत्रक.