मनूचा कुंभ आणि आमची काच

साहित्यविषयक लेखनाच्या पानावर गोल्डफिशला जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे की मासा हा आपल्या वाङ्मयात फार जुना आणि फार राबवलेला प्राणी आहे. अवतारकथांपासून संतकवितेपर्यंत त्याने आपल्याला अर्थ पुरवले. परंतु एखाद्या खऱ्या माशाचा खरा देह सांभाळण्याची वेळ येते, तेव्हा ही सारी प्रतिमासृष्टी आपल्या कितपत उपयोगी पडते, हे आपण क्वचितच तपासतो. आमच्या मते ती फारशी उपयोगी पडत नाही, आणि कधी कधी तर आडच येते.

संतकवितेतील मासोळीचे दुःख सर्वांना परिचित आहे. ती पाण्यावेगळी झाली की तळमळते. 'जीवन' या शब्दाचे पाणी आणि आयुष्य हे दोन्ही अर्थ तिथे एकमेकांत मिसळतात, आणि भक्ताची व्याकुळता सांगायला याहून नेमकी प्रतिमा सापडणे अवघड. पण या प्रतिमेने आपल्या मनात एक समजूत पक्की करून ठेवली आहे, ती अशी की माशाला पाणी मिळाले म्हणजे सर्व काही मिळाले. घरी आणलेला गोल्डफिश या समजुतीचा बळी ठरतो. तो पाण्यावाचून मरत नाही. तो पाण्यातच मरतो, आणि पाण्यामुळेच मरतो.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. नदीत किंवा तळ्यात तो अमोनिया विरून जातो. चार-पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात तो जाणार कुठे? शिल्लक राहिलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भरच पडते. पाणी दिसायला स्वच्छ असते, पण मासा आपल्याच उत्सर्जनात श्वास घेत असतो, आणि त्याचे कल्ले हळूहळू भाजत जातात. मोठ्या आणि जुन्या टाकीत ही विषबाधा टळते, कारण तिथे गाळणीच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर सूक्ष्म जिवाणूंची वस्ती झालेली असते. त्यांतील काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसरे काही जिवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र भांडे, खडे, खाद्य आणि मासा एकाच संध्याकाळी विकत आणतो, आणि पंधरवड्यात मासा उलटा तरंगू लागला की 'ही जातच नाजूक' असा निर्वाळा देतो.

वस्तुतः गोल्डफिश नाजूक मुळीच नाही. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी, सुंग राजवटीच्या काळात, तळ्यांतील करड्या माशांमधून निवड करत करत माणसाने हा केशरी मासा घडवला. त्याचे मूळचे कूळ इतके चिवट की प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही ते तग धरते. अशा वेळी त्याच्या शरीरात लॅक्टिक आम्लाऐवजी मद्यार्क तयार होतो आणि तो कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. ही क्षमता कोणत्या विकरामुळे येते, याचा उलगडा २०१७ साली ऑस्लो आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी केला. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये 'टिश' नावाचा एक मासा १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो १९९९ साली मेला. तेव्हा जो प्राणी पंधरवड्यात मरतो, तो नाजूक असतो म्हणून मरत नाही. उलट त्याच्या चिवटपणाचा एक दुष्परिणाम असा की तो मरायला वेळ घेतो, आणि तेवढ्या काळात आपल्याला सर्व ठीक आहे असे वाटत राहते.

आता आमच्या चांदवडकडे वळू. मुंबई-आग्रा मार्गावरचे, डोंगराच्या कुशीतले, रंगमहालामुळे आणि रेणुकादेवीमुळे ओळखले जाणारे हे गाव पर्जन्यछायेच्या तालुक्यात आहे. टंचाईच्या वर्षी टँकरची वाट पाहणे इथल्या वाड्यावस्त्यांना नवे नाही. देशभर विहिरी, बारव आणि घाट बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचा वाडा ज्या गावात आहे, त्या गावात पाण्याची किंमत कुणी कुणाला शिकवावी लागत नाही. अशा ठिकाणी शोभेसाठी मासे पाळावेत का, हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. पण त्याचे उत्तर हिशेबाने दिले पाहिजे, भावनेने नव्हे.

पाच लिटरच्या भांड्यातील पाणी विषारी होऊ नये म्हणून ते जवळजवळ रोज बदलावे लागते. म्हणजे आठवड्याला पस्तीस लिटर पाणी जाते, आणि एवढे करूनही मासा बहुधा वाचत नाही, कारण रोजच्या उलथापालथीत जिवाणूंची वस्ती कधी स्थिरावतच नाही. याउलट साठ लिटरच्या, गाळणी लावलेल्या टाकीत एक लहान मासा असेल तर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलले तरी पुरते. ते झाले पंधरा लिटर, म्हणजे एक बादली. आणि ही बादलीही वाया जात नाही. तिच्यातील नायट्रेट हे झाडांचे खाद्यच असते, त्यामुळे ती तुळशीला, कढीपत्त्याला किंवा परसातल्या वांग्यांना सरळ ओतता येते. तेव्हा टंचाईच्या गावात पाण्याची उधळपट्टी करते ते छोटे भांडे. मोठी टाकी पाणी राखते. ज्या घरात आठवड्याची ही एक बादलीही निघत नसेल, त्या घराने मासा आणू नये, एवढे म्हणणे मात्र आम्हांला रास्त वाटते.

स्थानिक पाण्याचा आणखी एक गुण लक्षात घ्यायला हवा. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी जड असते. गोल्डफिशला जड आणि किंचित अल्कधर्मी पाणी मानवते, ही चांगली गोष्ट. पण पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, एकाने वाढला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. म्हणून अशा पाण्यात खाद्याचा अतिरेक अधिकच महागात पडतो. गोल्डफिशला जठर नसते. तो एका वेळी थोडेच पचवू शकतो, पण माणूस दिसला की काचेशी येऊन तोंड मात्र उघडझाप करतो. घरातली मुले, आणि त्यांच्याहूनही अधिक आजी-आजोबा, त्याला भुकेला समजून चिमूट चिमूट टाकत राहतात. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून एकदा किंवा दोनदा, हा नियम घरातल्या सर्वांना माहीत असावा. नळाचे पाणी असेल तर त्यातली टीसीएल पावडर कल्ल्यांना घातक ठरते. त्यासाठी बादली चोवीस तास उघडी ठेवावी किंवा दुकानात मिळणारे क्लोरिननाशक थेंब घालावेत. गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये, कारण तसे केल्याने जिवाणूंची वस्तीच धुऊन जाते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा.

उन्हाळा ही तिसरी अडचण. वीस अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. वैशाखात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा पाण्यात प्राणवायू कमी, आणि माशाची गरज मात्र वाढलेली, अशी कोंडी होते. त्यातच वीज गेली की हवेचा पंप थांबतो. मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवा घोटू लागला, तर ती त्याची हाक समजावी. टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, झाकण काढून पंख्याचा झोत पाण्यावर सोडावा, वीज नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा टाकीतच ओतत राहावे. बर्फ मात्र टाकू नये. अचानक तापमान बदलले तर उकाड्यापेक्षा अधिक अपाय होतो.

इतके सारे करणे म्हणजे छंदाचे ओझे झाले, असे कुणी म्हणेल. त्याला आम्ही आपल्याच परंपरेतील एका गोष्टीची आठवण करून देऊ. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या हाती सकाळच्या पाण्यातून एक इवलासा मासा येतो आणि 'माझे रक्षण कर' असे म्हणतो. लहान असेपर्यंत मला कुंभात ठेव, मी वाढलो की खड्डा खणून त्यात ठेव, आणि त्यातही मावेनासा झालो की समुद्रात ने, असा पुढचा क्रमही तो स्वतःच सांगतो. आपण ही कथा प्रलयाची आणि नौकेची म्हणून वाचतो, शिकवतोही तशीच. परंतु प्रलयाच्या आधीचा तिचा अर्धा भाग मत्स्यपालनाचा आहे. मासा वाढतो, त्याला भांडे पुरत नाही, आणि भांडे बदलण्याचे काम सांभाळणाऱ्याचे असते. मनूचे मोठेपण एवढेच की त्याने हे ऐकले. साधा गोल्डफिश वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. 'भांड्याच्या मापाने मासा वाढतो' हे दुकानदारी वाक्य ऐकायला सोयीचे असले, तरी प्रत्यक्षात तो वाढत नाही, खुंटतो.

मनूची कथा जिथे वाचली जाते, त्याच घरांतून आता एक वेगळी कथा ऐकू येते. वास्तूसाठी म्हणून नऊ मासे ठेवावेत, आठ सोनेरी आणि एक काळा, आणि त्यांतला एखादा मेला तर त्याने घरावरचे संकट आपल्यावर घेतले असे समजावे. या समजुतीवर आमचा आक्षेप केवळ ती अंधश्रद्धा आहे म्हणून नाही. तिचा खरा दोष असा की ती चौकशी बंद करते. अमोनियाने मेलेल्या माशाला हुतात्मा ठरवले की अमोनिया तसाच राहतो, रिकाम्या जागी नवा मासा येतो, आणि तोही यथावकाश 'संकट घेऊन' जातो. मृत्यूला अर्थ दिला की मृत्यूचे कारण शोधावे लागत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी ही युक्ती ओळखायला हवी, कारण आपल्या व्यवसायातही ती चालते.

थॉमस ग्रे या इंग्रज कवीने १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत गोल्डफिशच्या भांड्यात बुडून मेलेल्या मांजरीवर मिस्कील शोकगीत लिहिले. त्यात शोक मांजरीचा, बोध माणसांना, आणि मासे केवळ मोहाची वस्तू. आंरी मातिसने १९१२ साली रंगवलेल्या गोल्डफिशच्या चित्रात उंच काचपात्रातले लाल मासे निवांत चिंतनाची खूण होऊन येतात. दोन्ही कलाकृती थोर आहेत, याविषयी आमचा वाद नाही. पण चित्रातील पात्राला गाळणी लागत नाही. घराच्या दिवाणखान्यात त्या चित्राची नक्कल करायला गेलो की शांततेचे प्रतीक म्हणून मिरवणारा प्राणी गुदमरत असतो. इटलीतील मोन्झा शहराने २००४ साली, आणि रोमने २००५ साली, गोलाकार भांड्यात मासे ठेवण्यास मनाई केली, तेव्हा पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले होते. गोल्डफिशची स्मृती तीन सेकंदांची, हा विनोदही तोवर सर्वत्र रुजलेला होता. प्रयोगांतून मात्र तो शिकलेली गोष्ट काही महिने लक्षात ठेवतो असे दिसून आले आहे. ज्याला आठवत नाही त्याला दुःखही नाही, अशी आपली सोय त्या विनोदात दडलेली होती.

चांदवडच्या डोंगरात जैन लेणी आहेत, आणि गावात १९२८ साली स्थापन झालेली, नेमिनाथांचे नाव धारण करणारी शिक्षणसंस्था आहे. नेमिनाथांची कथा इथल्या अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. लग्नाच्या वरातीत असताना त्यांनी मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला, रथ वळवला आणि गिरनारची वाट धरली. करुणेच्या इतिहासातला हा एक मोठा क्षण आहे. परंतु त्या करुणेला एक आधार होता. पशूंना आवाज होता. मनूलाही माशाने स्वतः सांगितले म्हणून कळले. आपल्या काचेतला मासा ना आक्रोश करतो, ना बोलतो. तेव्हा ज्यांना आवाज नाही त्यांच्याबाबत करुणेने कशाच्या आधारे वागावे, हा प्रश्न जुन्या कथांनी आपल्यावर सोपवून ठेवला आहे, असे आम्हांला वाटते.

आमचे उत्तर असे: मोजमापाच्या आधारे. किती लिटर पाणी, किती अंश तापमान, किती अमोनिया, आठवड्याला किती बादल्या. पाणी तपासण्याचे थेंब आणि रंगपट्टी असलेला छोटा संच बाजारात मिळतो. त्याचा रंग पाहणे ही मुक्या प्राण्याचे म्हणणे ऐकण्याची रीत आहे. भूतदयेला अशी रसायनाची जोड मिळाली म्हणून तिचे काव्य कमी होत नाही. ती नसेल, तर मात्र दया बव्हंशी आपल्याच समाधानासाठी उरते.

आणि ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी मासा आणू नये. आणलाच असेल आणि झेपत नसेल, तर तो मोठी टाकी असलेल्या माणसाकडे किंवा दुकानात परत द्यावा. विहिरीत, धरणात किंवा तळ्यात सोडू नये, कारण तिथे तो तळाचा गाळ उकरून आणि मूळच्या जलचरांचे अन्न खाऊन उपद्रवी ठरू शकतो. वाढदिवसाच्या परतभेटीत लहान मुलांच्या हाती पिशवीतला मासा देण्याची प्रथा तर आपण एकमताने बंद करावी. मुलाला त्यातून प्राणिप्रेम मिळेल अशी आई-वडिलांची कल्पना असते. प्रत्यक्षात आठवडाभराने त्याला मिळतो तो एक धडा, की जीव ही बदलून आणता येण्यासारखी वस्तू आहे. हा धडा मागाहून पुसून काढणे कोणत्याही मराठीच्या शिक्षकाला सोपे जात नाही.