कॉफीची वेळ

कॉफीच्या बाबतीत मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो. चहा आमच्या घरचा गडी, कॉफी पाहुणी. माझ्या लहानपणी ती आजारपणात, परीक्षेच्या रात्री आणि मुलगी पाहायला मंडळी आली म्हणजेच होई. आई तिच्यात जायफळ उगाळून घाली. जागरणासाठी कॉफी, आणि तिच्यात झोप आणणारे जायफळ! गणितात माझे जे काही झाले त्याचे खापर मी अजूनही या जोडीवर फोडतो.

लग्नानंतर माटुंग्याहून पितळी फिल्टर आणि ताजी दळलेली पूड आणली. वरच्या भांड्यात पूड दाबायची, उकळते पाणी ओतायचे आणि खाली थेंब थेंब अर्क उतरेपर्यंत नुसते बसून राहायचे. घरभर वास सुटतो. पिण्यापेक्षा मला हे बसणेच अधिक आवडते, असे सौभाग्यवतीचे मत आहे.

कॉफीबद्दल बरे काही छापून आले की मी कात्रण काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९१ साली कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाबाबत संशयितांच्या यादीत घातले होते; २०१६ साली तिला त्यातून वगळले. त्या दिवशी मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह आणि यकृताचे विकार कमी आढळतात, असेही कात्रण आहे. 'आढळतात' एवढेच, ते कॉफीमुळेच, असे शास्त्रज्ञ छातीठोकपणे म्हणत नाहीत. तीन चमचे साखर घालून पिणाऱ्याने तर फार आशा धरू नये.

गेल्या वर्षी सौभाग्यवती दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबू लागली. रक्त तपासले. हिमोग्लोबिन निदान बारा हवे, ते निघाले साडेनऊ. बाकीच्या तपासण्या झाल्या, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने गेले तरी आकडा जागचा हलेना.

"वहिनी, गोळी कशाबरोबर घेता?" डॉक्टरांनी विचारले.

"दुपारी जेवण झालं की कॉफीबरोबर. तेवढीच पाच मिनिटं बसते ना मी, म्हणून लक्षात राहतं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कॉफीतली काही द्रव्ये अन्नातले लोह धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत, चहाचेही तेच. जेवणाआधी तासभर आणि नंतर तासभर दोन्ही टाळा, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत सांगितले आहे. हे कात्रण माझ्याकडे नव्हते. आणि बायको दिवसातून पाच मिनिटे बसते, ती केव्हा, हेही मला ठाऊक नव्हते.

आता कॉफी चार वाजता होते. त्याहून उशिरा नको, कारण कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात आणि आम्हां दोघांची झोप आधीच नाजूक. करतो मी. ती खिडकीपाशी खुर्चीत बसते. पहिले आठ दिवस तिला बसणे जमेना. दर दोन मिनिटांनी उठून दूध उतू जात नाही ना ते पाहून जाई.

गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक चार भरले. मी अहवाल वाचून दाखवला. तिने कपातला घोट घेतला आणि म्हणाली, "जायफळ जास्त झालंय."