लीजच्या बाहेरचे शंभर मीटर

गेल्या एप्रिलमध्ये एका खाणीवर मातीचा ढिगारा मोजायला ड्रोन उडवला. खाणीचं नाव लिहीत नाही, कारण मी ज्या ठेकेदाराकडे आहे त्याचं पोट त्यावर चालतं आणि माझंही. काम नेहमीचंच होतं, ढिगारा किती घनमीटर झाला ते काढायचं. रात्री भिलाईला घरी येऊन फोटो जोडत बसलो, तेव्हा ढिगाऱ्याच्या माथ्याजवळ एक भेग दिसली. सरळ नव्हती, कमानीसारखी वाकलेली. आणि खाली, उतार संपतो तिथून थोड्याच अंतरावर, लीजच्या रेषेबाहेर अकरा घरं होती. एका अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. ड्रोन शंभर मीटर उंचीवर असला की फोटोतला एक ठिपका साधारण तीन सेंटिमीटरचा पडतो, त्यामुळे मोहाचा सडाही स्वच्छ दिसतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "बाहर का क्रॉप कर दो. अपना काम अंदर का है."

मी क्रॉप केलं. हे लपवून पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

नंतर नियम काढून वाचला. नोव्हेंबर २०२१ मध्ये खनिज संवर्धन आणि विकास नियमांत दुरुस्ती झाली. वर्षाला दहा लाख टन किंवा त्याहून जास्त उत्खननाची योजना असलेल्या, किंवा पन्नास हेक्टर आणि त्यापेक्षा मोठ्या लीजवाल्यानं दरवर्षी ड्रोन सर्वेक्षणाची चित्रं द्यायची. आणि ती फक्त लीजच्या आतली नाहीत, हद्दीबाहेरच्या शंभर मीटरपर्यंतची. म्हणजे त्या अकरा घरांवरून ड्रोन नेणं ही माझी मेहरबानी नव्हती, ते कायद्यातच होतं. पण कायदा चित्र खाणखात्याला द्यायला सांगतो. त्या चित्रात ज्याचं अंगण आहे त्याला ते दाखवा, असं तिथं कुठं लिहिलेलं नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर येऊन थांबतं.

दरड कोसळते तेव्हा पहिली बातमी कुणाला कळते ते बघा. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गेलं. महादेव कोळ्यांचं गाव, दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. ते जगाला कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो सकाळी बस घेऊन आला आणि गाव जागेवर नव्हतं. उपग्रह होते, भूवैज्ञानिक होते, तालुक्याला तहसीलदार होता, आणि गाव नाहीसं झाल्याचं सांगितलं एसटीवाल्यानं. पुढं चर्चा काय झाली? पडकईच्या कामात, म्हणजे भातासाठी उतार सपाट करताना, जेसीबी लावला म्हणून डोंगर सैल झाला. पडकईला सरकारी योजनेचा पैसा होता, पण बोलताना लोक बोलले आदिवाशांनीच आपला डोंगर खणला असं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली इरशाळवाडी गेली. ठाकर समाजाची वाडी, सुमारे ४८ घरं, वर जायला गाडीरस्ता नाही. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवला गेला. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच सांगितलं. वाचलेली माणसं वर्षभराहून जास्त काळ कंटेनरमध्ये राहिली.

यादीत नाव का नसतं, याचं एक कारण आपल्या धंद्यातलं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४ पासून देशभर दरडींच्या शक्यतेचे नकाशे केले, ते १:५०,००० या प्रमाणाचे. काम मोठं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. शंभर-दीडशे मीटरात वसलेली वाडी दोन-तीन मिलिमीटरची होते, पेन्सिलचं टोक टेकवलं की झाकली जाते. असा नकाशा तालुक्याला सावध करू शकतो, एखाद्या घराला नाही.

ड्रोनचा उपयोग इथंच आहे. पावसाआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, त्याच उतारावरून, जमिनीवरच्या त्याच खुणा धरून उडवायचा. दोन्ही वेळचे उंचीचे नकाशे एकमेकांतून वजा केले की उतार कुठं खचला आणि कुठं फुगला ते कळतं. माथ्यावरची भेग वाढतेय का हेही दिसतं. अडचणी आहेत. साधा कॅमेरा झाडांचे शेंडे बघतो, खालची जमीन नाही. सालाच्या जंगलात लायडार लागतो आणि तो महाग आहे. मुसळधार पावसात आणि धुक्यात आमचे साधे ड्रोन उडत नाहीत, म्हणजे गरज सर्वात जास्त असते त्याच रात्री ते पेटीत असतात. म्हणून काम एप्रिल-मेमध्ये करायचं असतं. सगळ्या डोंगरांचं एकदम कुणी करू म्हणत नाही. ज्या उताराखाली माणसं झोपतात, तेवढ्यांचं करा.

मग उताराखाली कोण झोपतं, हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर भूगर्भशास्त्रात मिळत नाही. ६ ऑगस्ट २०२० ला केरळच्या इडुक्की जिल्ह्यात पेट्टिमुडीला डोंगर चहामळ्याच्या कामगारांच्या चाळींवर आला. ७० माणसं गेली, बहुतेक तमिळ, त्यातले बरेचसे दलित. पिढ्यान्पिढ्या मळ्यात राबून स्वतःच्या मालकीची जमीन नाही, काम सुटलं की खोलीही सुटते. दुसऱ्याच दिवशी कोझिकोडला विमान कोसळलं. राज्य सरकारनं विमानातल्या मृतांच्या घरच्यांना दहा लाख जाहीर केले, पेट्टिमुडीच्या मृतांसाठी पाच. गावकुसाबाहेर म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. सपाट, पाण्याजवळची, रस्त्यालगतची जमीन आधी कुणी घेतली आणि उरलेला उतार कुणाच्या वाट्याला आला, हा इतिहास त्या नकाशाच्या खाली आहे. घाटकोपर-चेंबूरच्या टेकड्यांखाली झोपड्यांत कोण राहतं तेही बघून या.

आमच्या छत्तीसगडात असा डोंगर कमी, पण माणसानं खणलेला आणि रचलेला भरपूर. फेब्रुवारी २०२४ मध्ये दंतेवाड्यात किरंदूलला एनएमडीसीच्या बांधकामाच्या जागी दरड कोसळून चार मजूर मेले, पोटासाठी परराज्यातून आलेले. त्याच वर्षी जुलैत तिथला बांध फुटला आणि लाल चिखल वस्तीत घुसला. अशा वेळी 'निसर्गापुढं काय चालतं' म्हणणाऱ्याला विचारावं, ढिगारा निसर्गानं रचला का?

आता आपल्याच बाजूचा एक आक्षेप, आणि तो मला खरा वाटतो. गेल्या वर्षी त्या भागातल्या एका मित्राला हे सगळं सांगितलं. तो गोंड आहे, घरातला पहिला पदवीधर. तो म्हणाला, "तू नकाशा काढशील, त्यावर लाल रंग भरशील. उद्या तोच कागद घेऊन येतील आणि म्हणतील, गाव धोक्यात आहे, खाली करा. मग तिथं खाण वाढेल." मला उत्तर सुचलं नाही. त्याच्या आजोबांचं गाव एका धरणासाठी असंच 'खाली' झालं होतं. ड्रोन आला की पाठोपाठ मोजणी आणि मोजणीपाठोपाठ नोटीस, हा अनुभव आदिवासी गावांना आहे, भीती बिनबुडाची नाही.

तरी नकाशा काढूच नये असं मला वाटत नाही. तो आधी कुणाच्या हातात पडतो यावर भांडावं लागेल. इथून नव्वदेक किलोमीटरवर दल्ली-राजहरा आहे, भिलाईच्या भट्ट्यांना खनिज तिथून आलं. १९७७ नंतर शंकर गुहा नियोगींच्या युनियननं तिथं यांत्रिकीकरणाविरुद्ध लढा दिला. यंत्र नकोच असं त्यांचं म्हणणं नव्हतं, हात रिकामे होणार नाहीत एवढंच यंत्र घ्या, असा पर्याय कामगारांनीच मांडला होता. नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईतच झोपेत गोळी घातली. माझे बाबा तेव्हा गोंदियाहून नुकतेच प्लांटमध्ये ठेकेदारीवर लागले होते. यंत्र वाईट की चांगलं यावर ते कधी बोलले नाहीत. कुणाचं, एवढंच विचारायचे.

दरडीचा नकाशा वनहक्काच्या दाव्यासोबत ग्रामसभेत यायला हवा. २००६ च्या कायद्यानं जमिनीवरचा हक्क नोंदवला गेला असेल, तर 'धोका' दाखवून कुणाला उठवताना पर्यायी जमीन द्यावी लागेल, नुसता कंटेनर चालणार नाही. छत्तीसगडनं २०२२ मध्ये पेसाचे नियम केले आहेत. ग्रामसभेनं ठराव करून खाणीच्या सर्वेक्षणातली आपल्या बाजूची चित्रं मागावीत. भिंतीवर लावता येईल एवढी मोठी छापून मागावीत, पीडीएफ नको. आणि त्यावर गावातल्या म्हाताऱ्यांना बोलू द्यावं. कोणतं झाड वाकलं, कोणत्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं, हे त्यांना माझ्या सॉफ्टवेअरच्या आधी कळतं.

आपल्यातली बरीच पोरं आता या कामात आहेत. ड्रोन पायलटच्या परवान्याला दहावी पुरते, त्यामुळे बीएस्सी, डिप्लोमा, जीआयएसचा कोर्स केलेले आपण कॅमेऱ्यामागे पोहोचलो. फाइल आपल्या लॅपटॉपवर असते. नोकरी धोक्यात घाला असं मी कुणाला सांगणार नाही, मी स्वतः घातली नाही. पण नियमात शंभर मीटर लिहिलेत ते रिपोर्टमध्ये ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. साहेबांनी क्रॉप करायला सांगितलं, तर लेखी सांगा म्हणायचं. बहुतेक वेळा लेखी येत नाही.

ऑक्टोबरच्या फेरीत मी शंभर मीटर ठेवले. भेग दोन ठिकाणी रुंद झाली होती. रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर तिचा फोटो आहे, खाली अकरा घरं, आणि घरांवर आकडे घातले आहेत एक ते अकरा. नावं घालायची होती, पण ती मला माहीत नव्हती. पुढच्या महिन्यात विचारायला जाणार आहे, सोबत तो गोंड मित्र येतो म्हणालाय.