कोळशाला एक न्याय, तेलाला दुसरा

बाघजान हे आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातले खेडे. एका बाजूला डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, दुसरीकडे मागुरी-मोटापुंगची पाणथळ. २७ मे २०२० रोजी ऑइल इंडियाच्या पाच क्रमांकाच्या विहिरीवरचा ताबा सुटला आणि वायू उसळू लागला. चहाच्या पानांवर आणि सुपारीच्या झाडांवर तेलकट थर बसला, पाणथळीत मेलेले मासे तरंगू लागले. ९ जूनला विहीर पेटली, दोन अग्निशमन कर्मचारी दगावले, हजारो गावकरी छावण्यांत गेले. विहीर आटोक्यात यायला १५ नोव्हेंबर उजाडला. हरित लवादाने कंपनीला २५ कोटी रुपये भरायला लावले, भरपाईचे वादही पुष्कळ झाले. पण भरपाई हा घर जळाल्यानंतरचा हिशेब आहे. ज्या गावाखालून तेल निघते, त्याचा त्या उत्पन्नावर कायद्याने काही हक्क आहे का, हा प्रश्न आगीच्या आधीही होता आणि आजही तसाच आहे.

याचे उत्तर विचित्र आहे. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणचालकाने रॉयल्टीखेरीज तिच्या १० ते ३० टक्के रक्कम जिल्ह्याच्या निधीत भरायची आणि ती बाधित गावांसाठी खर्च करायची. चंद्रपूरच्या कोळशाला हा नियम लागू आहे. बाघजानला नाही, कारण त्या कायद्याच्या व्याख्येतूनच खनिज तेल वगळलेले आहे. तेलाचा कायदा वेगळा, १९४८चा. त्यानुसार जमिनीवरील तेलाची रॉयल्टी राज्याला मिळते, गावाचे नावही त्यात येत नाही. २०२५ मध्ये हा कायदा दुरुस्त झाला, तेव्हा सारी काळजी गुंतवणूकदारांच्या स्थैर्याची होती. संधी हातची गेली, असेच म्हणावे लागेल.

यावर म्हटले जाते की राज्याला रॉयल्टी मिळते, ते गावाला देईलच. मग कोळशाची रॉयल्टीही राज्यालाच मिळते. तरीही तिथे वेगळा निधी का लागला? राजधानीत जमा झालेला पैसा खाणीच्या तोंडाशी पोहोचत नाही, हा अनुभव होता म्हणूनच ना? कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा दाखलाही दिला जातो, पण तो पैसा कुठे खर्चायचा हे कंपनी ठरवते; गावाने नळ मागितला आणि कंपनीने सभामंडप बांधला, तर दाद कुठे मागणार? खनिज निधीचाही पैसा बाधित गावे सोडून भलतीकडे जातो, ही तक्रार खरी आहे आणि ती जुनीही आहे. मात्र तिथे निदान हिशेब मागता येतो, कारण निधीवर गावांचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

उरतो बोजाचा मुद्दा. देशी कच्च्या तेलावर केंद्र २०१६ पासून किमतीच्या २० टक्के उपकर घेते. त्यातलाच एक भाग तेलपट्ट्यातील जिल्ह्यांकडे वळवला, तर कंपनीवर एक पैसाही नवा भार पडत नाही. केंद्राला थोडे सोडावे लागेल एवढेच. डिगबोईत १८८९ साली तेल लागले, तेव्हापासून अप्पर आसाम देशाला तेल पुरवतो आहे. संसदेने १९४८च्या कायद्यात एक कलम घालून तेलाच्या गावांना कोळशाच्या गावांइतका हक्क द्यावा, आणि तो देताना निधीच्या खर्चावर ग्रामसभेची सही सक्तीची करावी.