शिस्त मैदानावरची आणि वहीतली

कवायतीत एखाद्याचे पाऊल चुकले तर उस्तादांना लगेच दिसते. पैशाच्या व्यवहारात चुकलेले पाऊल वर्षानुवर्षे दिसत नाही. दिसते तेव्हा साऱ्या देशाची रांग विस्कटलेली असते. जर्मनीचा इतिहास कॅडेटांनी यासाठी वाचावा.

१८४६-४७ च्या दुष्काळात तिथला गरीब शेतकरी सावकाराच्या दारात उभा होता. डोळ्यांच्या विकारामुळे तोफखान्याची नोकरी सोडावी लागलेले फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन तेव्हा काही खेड्यांचा कारभार पाहत होते. त्यांनी आधी गरिबांना पाव पुरवणारे मंडळ काढले आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे पतसंस्था. नियम एकच : एकाच्या कर्जाला सर्व सभासद जबाबदार.

पुढे हा देश उद्योगात युरोपच्या आघाडीवर गेला. पण पहिल्या महायुद्धाचा खर्च सरकारने करांऐवजी मुख्यतः कर्जातून भागवला. पराभवानंतर नुकसानभरपाईचे ओझे आले. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच व बेल्जियन सैन्य रुहर खोऱ्यात शिरले, कामगारांनी असहकार पुकारला आणि त्यांना पोसण्यासाठी सरकार नोटा छापत राहिले. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी! जन्मभराच्या बचतीत पावसुद्धा येईना. मोजक्याच नोटांचे नवे चलन आले तेव्हा घसरण थांबली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, पश्चिम जर्मनीत पुन्हा चलन बदलावे लागले आणि तिथून नवी चढण सुरू झाली.

हे सारे रायपूरपासून फार दूरचे वाटेल. तसे ते नाही. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा रायफायझन यांच्या धर्तीवर झाला, आणि १९१३ मध्ये वामनराव लाखे यांनी रायपुरात सहकारी बँक उभी केली. मी इथल्या ब्राह्मणपाऱ्यात राहतो आणि पतसंस्थांचे हिशेब तपासतो. ज्या संस्थेच्या सभेत जमाखर्च वाचला जात नाही आणि कुणी प्रश्न विचारत नाही, तिची मला धास्ती वाटते. देशाचेही तेच आहे.

म्हणून एक पालक म्हणून माझी सूचना आहे. शाळेतील प्रत्येक हाऊसचा छोटा निधी असावा, त्याची वही कॅडेटांनी लिहावी आणि दरमहा सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. या वयात मुलांच्या हाती पैसा नको, असे काही पालक म्हणतील. पण आपण याच मुलांच्या हाती रायफल देतो, कारण सोबत उस्ताद असतात. उद्या यांच्यातील कुणाकडे मेसचा हिशेब येईल, कुणाकडे पलटणीचा निधी. जवानाच्या घामाचा रुपया कसा जपावा, याचा सराव आजच व्हायला हवा.