विश्वासाची भागीदारी आणि कोर्टाचे बंद दार

नोकरीत स्थिरावलेल्या आमच्या पिढीची मुले आता धंद्यात उतरू लागली आहेत. कुणी बांधकामाची छोटी कंत्राटे घेतो, कुणी केटरिंग चालवतो, कुणी टेम्पो घेऊन माल पोहोचवतो. एकट्याजवळ भांडवल नसते म्हणून दोघे-तिघे एकत्र येतात. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, तिसऱ्याची ओळख. पण कागदाचे नाव काढले की उत्तर ठरलेले : "आपल्याच माणसाकडून काय लिहून घ्यायचे?" असे म्हणणारेच चार-पाच वर्षांनी रिकाम्या हाताने आमच्यासमोर येऊन बसतात, हा आमचा वकिलीतला अनुभव आहे.

कायदा काय म्हणतो? भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे तोंडी भागीदारीही भागीदारीच असते. नोंदणीची सक्ती नाही. मात्र कलम ६९ ने नोंदणी न करणाऱ्याची पुरती कोंडी केली आहे. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातील थकबाकीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. भागीदारालाही करारातील हक्कासाठी फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. उलट माल पुरवणारा व्यापारी त्याच फर्मला खुशाल कोर्टात खेचू शकतो. आधी दावा लावला आणि मग नोंदणी केली, तरी तो दावा वाचत नाही.

महाराष्ट्राने तर याही पुढे मजल मारली होती. १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९ मध्ये पोटकलम २-अ घातले आणि अशा फर्मच्या भागीदाराचा विसर्जन व हिशेब मागण्याचा मार्गही बंद केला. म्हणजे ज्याच्या हातात गल्ला, त्याचाच धंदा! सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या खटल्यात हे पोटकलम संविधानाच्या अनुच्छेद १४, १९ व ३००-अ यांचा भंग करणारे ठरवून रद्द केले. आज विसर्जन व हिशेबाचा दावा लावता येतो. पण विसर्जनापासून ३ वर्षांची मुदत आहे, आणि भागीदारी होती हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावरच आहे. नफ्यात वाटा मिळत होता एवढ्यावर कुणी भागीदार ठरत नाही, हे कलम ६ सांगते.

याहून घातक आहे ती नावापुरती भागीदारी. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. भागीदारी फर्म असेल तर त्यांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. या ५१ टक्क्यांवरच प्रस्थापितांचा डोळा असतो. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाने महिन्याच्या ठरावीक रकमेवर जातीचा दाखला आणि सह्या दिल्या होत्या. धंदा बुडाला, पैसेवाला भागीदार बाजूला झाला आणि बँकेची नोटीस याच्या आईच्या घरावर आली. कलम २५ प्रमाणे फर्मच्या कृत्यांसाठी प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही पूर्णपणे जबाबदार असतो. नफ्यात ज्याला कुणी विचारले नाही, त्याला देणे मात्र चुकले नाही. हे शोषण नव्हे तर काय?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. भांडवल कुणाचे किती, नफा-तोट्याचा वाटा किती, बँकेत सह्या कुणाच्या, बाहेर पडायचे तर कसे, हे स्टॅम्प पेपरवर लिहा. वाटा लिहिला नाही तर कलम १३ प्रमाणे नफा समान वाटला जातो, पैसा कुणी कितीही घातलेला असो. फर्मची नोंदणी करा आणि प्रत्येक भागीदाराचे नाव निबंधकांच्या नोंदवहीत आहे ना, हे स्वतः पाहा. बाहेर पडताना जाहीर नोटीस द्या. ज्यांच्याकडे आज कागद नाही त्यांनी बँकेचे उतारे, बिले, मोबाईलवरील संदेश जपून ठेवावेत.

१९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. त्यांचे नाव घेऊन धंद्यात उतरणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी कागद वाचण्याइतकी शिस्त तरी पाळलीच पाहिजे.