पायउतार

गाडीत चढणाऱ्या माणसाला सारे जग मदत करते. कोणी हात देतो, कोणी सामान वर सरकवतो, कोणी "सांभाळून हं!" म्हणून बजावतो. उतरणाऱ्याकडे मात्र कोणीही पाहत नाही. प्रवास संपला म्हणजे धोकाही संपला, अशी आपली ठाम समजूत असते. माझीही होती. गेल्या भाऊबीजेला सौंदडला गेलो नसतो, तर ती आजही तशीच राहिली असती.

सौंदड हे माझ्या ताईचे गाव. गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनी तालुक्यात. गावाला रेल्वे स्टेशन आहे, आणि कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्गही, पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ चा, इथूनच जातो. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला येतो, मंडईचे दिवस सुरू होतात, आणि बायकापोरांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गावोगाव फिरू लागतात.

ओवाळणी आटोपली, अनारसे पुढे आले, आणि भाच्याने एक कागद माझ्या हाती ठेवला. "मामा, तुम्ही मास्तर माणूस. माझी परीक्षा घ्या."

भाचा ट्रक चालवतो. आता एका मोठ्या कारखान्यात माल पोचवायचे काम त्याला मिळत होते. पण तिथल्या फाटकावर म्हणे ड्रायव्हरची सुरक्षिततेची परीक्षा होते. पास झाला तरच गाडी आत. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढण्यात गेल्यामुळे दुसऱ्याची प्रश्नपत्रिका मी, सराफ दुसऱ्याचे दागिने पाहतो तशी पाहतो. एक प्रश्न होता : 'केबिनमधून खाली कसे उतरावे?' पर्याय : उडी मारून, मोबाइलवर बोलत, जसे जमेल तसे, आणि 'केबिनकडे तोंड करून, दोन हात व एक पाय किंवा दोन पाय व एक हात सतत टेकलेले ठेवून, सावकाश.' आता सर्वांत लांब पर्यायच बरोबर असतो, हे आमच्या कॉलेजातला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही जाणतो! मला विचाराल तर त्यातला खरा प्रामाणिक पर्याय 'जसे जमेल तसे' हा होता.

भाच्याने मात्र सारे चोख सांगितले. आधी गाडी पूर्ण थांबवायची, हातब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचे. आरशात मागची वाहने पाहायची. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून दार डाव्या हाताने उघडायचे; त्यासाठी अंग आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. (शुभकार्यात वर्ज्य असलेल्या डाव्या हाताचा हा मान पाहून मला बरे वाटले.) हातात काही घ्यायचे नाही, डबा, कागद केबिनच्या काठावर ठेवून खाली उतरल्यावर उचलायचे. चाकावर पाय द्यायचा नाही. बोटात अंगठी घालायची नाही. उतरताना ती एखाद्या खिळ्यात वा कडीत अडकली, तर अंगाच्या भाराने बोटच सोलून निघते. हे सांगताना त्याने सासुरवाडीची अंगठी हळूच दुसऱ्या हाताने झाकली. वीसपैकी वीस! मी पाठ थोपटली.

इतक्यात ताईने आतून हाक मारली : "अरे, मामाला मिठाईचा डबा आणला होतास ना?" भाचा अंगणाबाहेर उभ्या असलेल्या ट्रककडे धावला, वर चढला, आणि दुसऱ्याच क्षणी एका हातात डबा घेऊन धाडकन खाली उडी!

"अरे, आताच तर सांगितलेस!"

"ते परीक्षेपुरतं असते ना, मामा!" तो हसला.

हे वाक्य मी वर्गात निरनिराळ्या शब्दांत फार वर्षे ऐकत आलो आहे. पण खाटेवर बसलेले भाऊजी हसले नाहीत. ते नुसते आपल्या उजव्या टाचेकडे पाहत राहिले.

भाऊजी लंगडतात, हे मला लग्नानंतर काही वर्षांनी दिसू लागले होते. "पाय मुरगळला होता," एवढेच ते सांगत. त्या संध्याकाळी प्रथमच सारे सांगितले. तेही ट्रकवरच होते. रात्रभर गाडी चालवून पहाटे पोचले, पाय आखडलेले, बाहेर अंधार. हातात मालाची पावती. नेहमीसारखी उडी मारली आणि पाय पडला तो दगडावर. टाचेचे हाड फुटले. रस्त्यावर काही झाले असते, तर लोकांनी अपघात म्हटले असते. "उभ्या गाडीतून पडलो, हे कोणाला सांगू मास्तर? लोक हसतात."

मी चटकन हिशोब केला. (गणित माझा विषय नव्हे, पण एवढे येते.) चार फुटांवरून उडी मारणारा माणूस जमिनीवर आदळतो तो ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटरच्या वेगाने. एवढ्या वेगाने भिंतीवर सायकल घाला म्हटले, तर कोणी घालील का? तीच टक्कर टाच दिवसातून वीस वेळा घेते, आणि आपण तिला चपळपणा म्हणतो. १९६९ च्या जुलैत नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, तोदेखील यानाकडे तोंड करून, शिडीवरून पाठमोरा. शेवटची पायरी जमिनीपासून बरीच उंच होती. तेव्हा चंद्रावर पाऊल टाकण्यापूर्वी तो पुन्हा एकदा उडी घेऊन त्या पायरीवर चढून आला, परत वर जाता येते की नाही याची खात्री करायला! ज्या क्षणासाठी सारे जग श्वास रोखून बसले होते, त्या क्षणी या गृहस्थाला पायरीची चिंता होती.

पायरी! मी उठलो आणि बॅटरी घेऊन ट्रकपाशी गेलो. खालची पायरी वाकून आत गेलेली; तिच्यावर जेमतेम अंगठा मावेल. धरायचा दांडा एका बाजूने सुटलेला, सुतळीने बांधलेला. आता सांगा, या गाडीतून 'दोन हात, एक पाय' उतरायचे कसे? त्या वीस प्रश्नांत पायरीवर एकही प्रश्न नव्हता. परीक्षा सारी माणसाची. गाडीला कोणी विचारत नाही. आपल्या देशात १९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि त्या तारखेपासून दरवर्षी सुरक्षा सप्ताह पाळतात. फलक लागतात, शपथा होतात. ते व्हावेच. पण त्या आठवड्यात कोणी नुसता हातोडा घेऊन पायऱ्या पाहत फिरला, तर मी त्याला पहिला हार घालीन.

भाच्याला हे सांगितले, तेव्हा तो प्रथमच गप्प झाला. "वाकलेल्या पायरीवर पाय घसरते, म्हणून तर उडी मारतो," तो हळूच म्हणाला. म्हणजे पोरगा निष्काळजी नव्हता. आणि मी मात्र त्याला वीसपैकी वीस देऊन मोकळा झालो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळीच महामार्गावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गाडी नेली. पायरी सरळ झाली, तिच्याखाली आणखी एक बसली, दांडा पक्का झाला. आम्ही सारे पाहायला जमलो. ताई म्हणाली, "आता बघ बरं उतरून."

पण भाचा वर चढण्याआधीच भाऊजी पुढे झाले. इतक्या वर्षांत ते केबिनमध्ये चढले नव्हते. दांडा धरून चढले, सीटवर बसले, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग आमच्याकडे पाठ करून उतरू लागले. दुखरा पाय आधी खाली आला, चाचपडला, पायरीवर टेकला. भाचा खाली हात पसरून उभा होता, लहान मूल झाडावरून उतरताना बाप उभा राहतो तसा.

"हात बाजूला घे," भाऊजी वरूनच म्हणाले. "मले दिसते पायरी."